रॉक, ब्लूज आणि आपली तळमजल्यावरची खोली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सांस्कृतिक संध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिलेली आहेत. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे वेळेचा हिशेब चुकणार नाही, काळजी नसावी.

आज आपल्या सोसायटीतली तीन मुलं आणि एक मुलगी पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार आहेत. त्यांचा ब्लूज बँड आहे. गेल्या आठवड्यात चौघं घरी आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही रॉक फेस्टिव्हल पाहिलाय ना? मग आमची ओळख तुम्हीच करून द्या." म्हणून हा खटाटोप.

हो, पाहिलाय. १९८० च्या दशकाच्या शेवटी माझी बदली मुंबईला झाली होती. धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. १९८६ पासून तिथे 'इंडिपेन्डन्स रॉक' भरायचा, पोरं त्याला 'आय-रॉक' म्हणायची. फरहाद वाडिया यांनी तो सुरू केला. आमच्या शाखेतला एक तरुण क्लार्क मला जवळजवळ ओढतच घेऊन गेला. ऑगस्टचे दिवस, बाकं ओली, सगळीकडे काळे टी-शर्ट आणि वाढलेले केस. मधोमध मी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पोरांना वाटलं असणार, कोणीतरी इन्स्पेक्शनला आलंय!

पहिला अर्धा तास कानावर हात ठेवून काढला. मग लक्षात आलं की ही मुलं मजा मारायला आली असली तरी वाजवतात मात्र जीव ओतून. बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे, पब्लिकची फर्माईशही तीच. स्वतःचं गाणं म्हणायला धाडस लागायचं. मुंबईच्या 'रॉक मशीन'ने ते केलं, १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. हेच लोक पुढे 'इंडस क्रीड' या नावाने प्रसिद्ध झाले.

हे सगळं लांब मुंबईतच होतं असं मात्र समजू नका. १९७१ साली आपल्याच लोणावळा लाइनवर, मळवलीजवळ, 'स्नेहयात्रा' नावाचा मोठा मेळा भरला होता. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांना जायला आपण जिथे उतरतो तेच मळवली. आणि २०१० मध्ये पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला, त्याला आपल्यापैकी अनेकांची मुलं जाऊन आली आहेत.

आता ब्लूज. हे काय प्रकरण आहे, असं मलाही वाटायचं. मुलांनी समजावून सांगितलं, थोडं मी वाचलं. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांचं हे गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. ऐकताना मला आईचं जातं आठवलं. आई मावळातली. पहाटे दळताना जे सासरचं दुःख कुणाला सांगता येत नसे, ते ती जात्याला सांगायची. हेमा राईरकर आणि गी पोआतवँ यांनी आपल्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आहेत. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' घ्या. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस आणि मागे गावी राहिलेली बायको. याला ब्लूज नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मडी वॉटर्स नावाचा मोठा कलाकार होऊन गेला. मिसिसिपीतला शेतमजूर. १९४३ साली गाव सोडून शिकागोला आला, दिवसा कागदाच्या कारखान्यात काम केलं, ट्रक चालवला आणि रात्री गुत्त्यात गिटार वाजवली. तिथल्या कलकलाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून इलेक्ट्रिक घेतली. मंडळी, ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? बीड, लातूर, सातारा, जळगाव, बिहार, केरळ, कुठून कुठून आपण एक पेटी घेऊन आलो आणि टेल्को, बजाज, भोसरी, चाकण इथे कामाला लागलो. फरक एवढाच की आपल्याला ओव्हरटाइम मिळाला, गिटार नाही मिळाली.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती खास प्रेस शॉपमधल्या मंडळींसाठी. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे आपल्यासारखंच कारखान्यांचं गाव. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशिनमध्ये हात सापडला आणि दोन बोटांची टोकं गेली. नेमका तोच हात तारांवर फिरणारा. कारखान्यातल्या साहेबाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगो आगीत भाजल्यावर मुख्यतः दोनच बोटांनी वाजवायचा. मग या पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, बारीक तारा चढवल्या आणि पुन्हा वाजवायला बसला. १९६८ मध्ये त्याने दोस्तांबरोबर ब्लूज बँड काढला. तोच पुढे 'ब्लॅक सॅबाथ' म्हणून जगभर गाजला. बोटं गमावलेली माणसं आपल्या पट्ट्यात कमी नाहीत. अपघातानंतर त्यांना नुकसानभरपाईचा फॉर्म देणारे भेटतात, रेकॉर्ड ऐकवणारे क्वचित.

आता मुद्द्यावर येतो.

ही मुलं दोन वर्षं पार्किंगमध्ये, जिन्याखाली, कधी पाण्याच्या टाकीजवळ प्रॅक्टिस करतात. तक्रारी आल्या. आणि तक्रार करणारे चुकीचे नाहीत, हे मुलांसमोरच सांगतो. थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी नऊला आडवा होतो. त्याच्या डोक्यावर ड्रम वाजला तर तो चिडणारच. कायदाही आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ आणि रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत लाउडस्पीकर बंद. ज्या रंगभवनाचं मी एवढं कौतुक केलं ते याच आवाजापायी रॉकला बंद झालं, कारण शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज, म्हणजे शांतता क्षेत्र. रात्र रात्र चालणारा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा वेळेत बसवावा लागला. पण सवाई टिकला, आय-रॉकही दुसऱ्या मैदानांवर गेला. जागा आणि वेळ नेमून दिली की संगीतही राहतं आणि शेजाऱ्याची झोपही.

आपल्याकडे ती जागा आहे. तळमजल्यावरच्या खोलीत मोडक्या खुर्च्या, गणपतीची जुनी मखरं आणि रंगाचे रिकामे डबे ठेवले आहेत. दारं-खिडक्यांना जाड पडदे आणि आतून फोम लावला तर बराच आवाज आत राहील. रविवारी संध्याकाळी पाच ते सात, आठवड्याला दोनच तास. परीक्षेच्या महिन्यात बंद. कुणाकडे आजारपण किंवा दुःखद प्रसंग असेल तर बंद. खोली साफ करायचं काम मुलांचं. फोमच्या खर्चाची जुळवाजुळव आम्ही ज्येष्ठ नागरिक करू. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घ्यावा, अशी सेक्रेटरी साहेबांना मी आज सर्वांसमक्ष विनंती करतो.

२०११ मध्ये मुंबईत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. ज्या कंपनीच्या गाड्या आपल्या चाकणला बनतात, तीच ही कंपनी. पहिल्याच वर्षी बडी गाय आले होते. लहानपणी शेतात कापूस वेचलेला माणूस. आपली मुलं त्या स्टेजवर जातील की नाही, मला माहीत नाही. नाही गेली तरी काही बिघडत नाही. दिवसभर मशिनचा आवाज ऐकणाऱ्या या गावात चार पोरं स्वतःचा आवाज शोधताहेत, मला तेवढंच पुरे आहे.

बँकेत कर्ज देताना आम्ही जामीनदार मागायचो. या चौघांना जामीनदार म्हणून माझी सही घ्या.

आता माईक त्यांचा. आवडलं तर टाळ्या वाजवा. नाही आवडलं तर सभेत येऊन सांगा, पण सभेला या!