रास्त भाव कोणाला?



आपल्याकडे ‘उचित मूल्य दुकान’ म्हटले की रेशनची रांग आठवते. तिथला रास्त भाव घेणाऱ्यासाठी असतो. पिकवणाऱ्याच्या रास्त भावाचे काय, हा आमचा आजचा विषय. उदाहरण कॉफीचे आहे, पण ऐकताना डोळ्यांसमोर आपली संत्र्याची बाग असू द्या.

१९८८ साली हॉलंडमध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ शिक्क्याची कॉफी विक्रीला आली. ती मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांची होती. पुढे हीच पद्धत ‘फेअर ट्रेड’ म्हणून जगभर गेली. तिचा नियम साधा आहे. २०२३ मध्ये अरेबिका कॉफीला पौंडामागे किमान १.८० डॉलर ठरले. बाजार पडला तरी तेवढे द्यायचे, चढला तर चढता भाव द्यायचा. वर २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतात. त्यातून काय करायचे, ते सभासद सभेत ठरवतात.

जमिनीचाही विचार यात आहे. घातक कीटकनाशकांना बंदी आहे आणि सेंद्रिय मालाला जास्त भाव आहे. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी घेतात आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवतात. झाड उभे राहिले की डोंगरउताराची माती वाहून जात नाही. संस्था करून एकत्र आलेल्या या शेतकऱ्यांची कॉफी २०१७ मध्ये पॅरिसच्या दुकानात पोहोचली.

आता आपल्याकडे या. बाप्पा बसतात त्या सुमारास आंबिया बहाराचे सौदे सुरू असतात. व्यापारी बागेत फेरी मारतो, आकडा सांगतो, विसार देतो आणि बाग उक्ती घेतो. आमच्या वडिलांनीही एका वर्षी अशीच बाग दिली होती. भाव उतरला आणि व्यापारी अर्धी बाग तोडून गेला तो परत आलाच नाही. कागद काही नव्हता. उरलेली फळे झाडाखाली सडली आणि ताईचे लग्न वर्षभर पुढे गेले. आम्ही डिप्लोमा करून नोकरी धरली, त्यामागे हेही एक कारण होते.

फेअर ट्रेड म्हणजे जादू नव्हे. प्रमाणपत्राला खर्च येतो, हिशेब ठेवावा लागतो आणि दोन एकरवाल्याला एकट्याने ते झेपत नाही. पण त्यातल्या तीन गोष्टींना शिक्का लागत नाही : दहा-वीस बागवाल्यांनी एकत्र बसून किमान भाव ठरवणे, सौदा कागदावर करणे आणि माल आपल्या काट्यावर मोजणे.

पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ मध्ये आपला स्वतंत्र जिल्हा झाला. बाहेरगावी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनीही दिवाळीला संत्री थेट ओळखीच्या बागेतून मागवावीत आणि त्या वेळी घासाघीस करू नये. एवढे झाले तरी एखाद्या घरचे लग्न पुढे ढकलावे लागणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!