प्रौढ वयांतील शागिर्दी



शस्त्रविद्या बाळपणींच शिकावी, आणि तीहि ज्याच्या अंगीं उपजत चपळाई आहे त्यानेंच, असा आपल्याकडे दृढ समज आहे. चाळिशी उलटलेला गृहस्थ तालमींत जाऊं लागला, तर त्याचें कौतुक होण्यापेक्षां थट्टाच अधिक होते. या समजांत सत्य किती आणि संकोच किती, याचा आज थोडा विचार करूं.

उदाहरणादाखल आपला फरीगदगा घ्या. फरी म्हणजे चामड्याची लहान वाटोळी ढाल, आणि गदगा म्हणजे चामड्यानें मढविलेली काठी. ढाल-तलवारीच्या झुंजीचाच हा सराव. तमाचा, बाहेरा, शीर हीं वारांचीं नांवें प्रौढालाहि एका दिवसांत पाठ होतात. अडचण निराळीच असते. गदगा समोरून आला कीं डोळे आपोआप मिटतात, मान मागें जाते आणि पाय जागच्या जागीं खिळतात. हा भित्रेपणा नव्हे. तो देहाचा धर्मच आहे. चपळ मुलाची ही खोड खेळतां खेळतां मोडते. आपल्याला ती हिशेबानें मोडावी लागते.

तो हिशेब असा. मीं त्रेचाळिसाव्या वर्षीं ही विद्या शिकूं लागलों, तेव्हां वस्तादांनीं कित्येक दिवस हातांत गदगा दिलाच नाहीं; केवळ पवित्रे करविले. पाय स्थिर झाल्यावर एकच वार, तोहि नांव पुकारून व सावकाश. डोळा उघडा राहूं लागल्यावर वेग वाढला. न पुकारतां केलेला वार सर्वांत शेवटीं आला. आठवड्यांतून एकदां दोन तास घाम गाळण्यापेक्षां नित्य अर्धा तास बरा. स्नायूंना बळ लवकर येतें, परंतु सांध्यांना जखडणारे बंध सावकाश बळावतात. प्रौढांना दुखापती होतात त्या बहुधा या घाईमुळेंच.

बारा वर्षांच्या मुलाला जें आठवड्यांत साधे, त्याला मला तीन महिने लागले. वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारा, व्याकरणांत अडखळणारा एक विद्यार्थी आखाड्यांत मला सांगे, “मास्तर, कोपर आंत घ्या.” त्यांत उपहासाचा लेश नसे. माझें कोपर तो ज्या धीरानें दहादां सरळ करी, त्याच धीराचा वर्गांत त्याला माझ्यावर हक्क आहे, हें मला तेथें उमगलें. शिकविण्याच्या कामीं याहून मोठा लाभ मला क्वचितच झाला असेल.

मग उपजत गुणाला किंमत नाहीं काय? आहे. सामना कोण जिंकणार, हें पुष्कळसें त्यावर अवलंबून असतें. परंतु विद्येचें माप केवळ सामन्यानेंच कां घ्यावें? जुडोचे प्रवर्तक जिगोरो कानो हे लहान चणीचे होते. १८८२ सालीं त्यांनीं तोकियोंत कोदोकान ही शाळा स्थापिली, आणि पुढच्याच वर्षापासून शिष्यांना प्रगतीप्रमाणें श्रेणी देण्यास आरंभ केला. अशा पायऱ्या असल्या म्हणजे मंद शिष्यालाहि आपण कालच्यापेक्षां कोठें आलों हें दिसतें. आपल्या तालमींतूनहि प्रौढांसाठीं अशी व्यवस्था होणें इष्ट आहे.

तेव्हां ज्यांची इच्छा आहे त्यांनीं वैद्याकडून प्रकृति तपासून घ्यावी, वस्तादांना आपलें वय स्पष्ट सांगावें, आणि लोकलज्जा उंबऱ्याबाहेर ठेवून आखाड्यांत पाऊल टाकावें. विजय मिळेलच असें मीं म्हणत नाहीं. अंगावर येणाऱ्या वाराकडे उघड्या डोळ्यांनीं पाहतां आलें, तरी श्रम सार्थकीं लागले असें समजावें.