दुखणाऱ्या शिरा आणि सुईचा उपचार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा संप, बोनस किंवा किमान वेतन असे काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही सुईचे नाव काढले तेव्हा ते हसले. पण युनियनच्या कचेरीत माणसे पगाराची तक्रार घेऊन जितकी येतात, तितकीच हातापायांची घेऊन येतात. "भाऊ, रात्री तळपायाची आग होते, पांघरूणसुद्धा सोसत नाही." "बोटांना मुंग्या येतात, पाना हातातून गळतो." आणि पुढचा प्रश्न ठरलेला : "सुया टोचून घेऊ का?" आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि दवाखान्यांच्या बाकांवर झाले. तेथे जे वाचले, विचारले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या बोलीने 'शीर' या शब्दाला फार राबवून घेतले आहे. रक्त वाहते ती शीर आणि चमक मारते तीही शीरच! डॉक्टर ज्याला मज्जातंतू म्हणतात तो रक्ताची नळी नव्हे. ती निरोप नेणारी तार आहे. तारेचे वेष्टन झिजले किंवा तारच झडू लागली, की निरोप चुकतात. काही नसताना आग होते, चमका येतात. आणि पुढे खरोखरच काटा रुतला तरी निरोप पोचत नाही. सर्वांत लांब तारा पायांच्या, म्हणून मधुमेहात हे दुखणे बहुधा तळपायापासून सुरू होते. आग होते तेव्हा माणूस धावपळ तरी करतो. बधिरपणा गप्प असतो, म्हणून तो अधिक वाईट. चुलीपाशी पाय शेकत बसलेल्या म्हाताऱ्याच्या पायाचा फोड सकाळी सुनेने दाखवावा, तोवर त्याला पत्ता नसावा, हे आपल्या घरांतून घडते.

आता सुईकडे येऊ. विद्या चीनची, पण तिचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, सुईचे वैद्य नव्हेत. पण बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परतून त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली. कोटणीसांच्या नावाच्या स्मृतिसमितीने पुढे तिचा प्रसार केला. तेव्हा एखाद्या सुईवाल्याच्या भिंतीवर कोटणीसांची तसबीर दिसली तर आम्हीही हात जोडतो. मात्र तसबीर म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा काय सांगतो? सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे १९७० नंतरच्या प्रयोगांत दिसले. अफूचा अंमल उतरवणारे नॅलॉक्सोन दिले की काही प्रयोगांत सुईचा गुणही ओसरला. म्हणजे हे निव्वळ थोतांड नव्हे. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००७ साली आला. सहा महिन्यांनी खऱ्या सुईने शेकडा ४७.६ जणांना आराम होता, नेहमीच्या उपचारांनी २७.४ जणांना. पण खोट्या जागी, वरवर टोचलेल्या सुईनेही ४४.२ जणांना आराम होता! आता त्या बिंदूंच्या तक्त्याचे काय करायचे ते आपणच ठरवा. आणि ही झाली कंबर. मज्जातंतूंच्या वेदनेवरील चाचण्या २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने पारखल्या, तेव्हा हाती सहाच लागल्या, रुग्ण सारे मिळून ४६२. त्यांवरून गुण येतो असेही ठामपणे म्हणवेना आणि येत नाही असेही म्हणवेना.

म्हणून आम्ही सभासदांना सांगतो, रात्रीची झोप मिळत असेल तर खुशाल सुया घ्या. पण आधी शीर कशाने बिघडली ते शोधा. साखर तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा, ते कमी पडले तरी असेच दुखते. दारूचा हिशेब डॉक्टरला खरा सांगा. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाजेखातर टाळू नका. औषध फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर हातपाय वाचतात. नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून डॉक्टर पाच मिनिटांत बधिरपणा पाहतो. डेरवणचे रुग्णालय आपल्याला जवळ आहे, तेथवर जायला सबब नाही. सुई घ्यायचीच तर पाकीट आपल्यासमोर फोडलेली, एकदाच वापरायची घ्या. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, परिषद आहे. टोचणाऱ्याला नोंदणी विचारायला संकोच कसला? आणि "सुया सुरू झाल्या, आता साखरेच्या गोळ्या बंद करा" असे जो सांगेल, त्याच्या दारातून उलट पावली निघा.

कारण कामातही असते. शिसे, पारा, चपला चिकटवण्याच्या द्रावणातले हेक्झेन ही शिरांची वैरी आहेत. शिसे आणि पारा यांची विषबाधा १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने व्यावसायिक रोग म्हणून मानली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा रोगांचे परिशिष्ट आहे. परंतु केसपेपरावर डॉक्टरने रोग्याचा धंदा लिहिलेलाच नसेल, तर ते परिशिष्ट कोणाच्या कामाचे?

रस्त्याच्या कामावर ब्रेकरने कातळ फोडणारा आमचा एक सभासद. यंत्राच्या हादऱ्यांनी दोन्ही हातांची बोटे बधिर झाली, रात्री ठणकू लागली. त्याने सुया घेतल्या. ठणका खरोखरच कमी झाला, तो झोपू लागला. ठेकेदाराला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "आता दुखत नाही ना? मग धर मशीन." आम्ही मध्ये पडलो, हादऱ्याचे काम पाळीपाळीने सर्वांत वाटून द्या, एवढेच मागणे होते. तीन बैठका झाल्या. तो आता भांडाराच्या कामावर आहे. शर्टाचे बटण अजून त्याची बायको लावते. महिन्यातून दोनदा तो सुया घ्यायला जातो, आणि आम्ही त्याला अडवत नाही.