हाकेला ओ देणारे
(ज्युबिलीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत धर्मग्रामाच्या सभागृहात प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या वर्षी निरनिराळ्या उद्योगधंद्यांवर व्याख्याने व्हावीत असे आपल्या समितीने ठरविले, तेव्हा शेती, मासेमारी, वैद्यकी, वकिली व शिक्षकी या विषयांना वक्ते ताबडतोब मिळाले. एक धंदा मात्र असा की त्याचे नाव कोणी यादीत घातलेच नव्हते. तो आम्ही मागून घेतला. संकटात सापडलेला मनुष्य पोलिसांना टेलिफोन करतो, तेव्हा पलीकडून प्रथम जो आवाज ऐकू येतो, त्या आवाजाच्या धन्याविषयी आम्ही आज बोलणार आहोत. अमेरिकेत त्यास डिस्पॅचर म्हणतात. मराठीत त्याच्यासाठी रूढ शब्द नाही. पाथरवट, तराळ, टपालवाला या सर्वांना आपण नावे दिली; याला दिले नाही, कारण त्याला कोणी पाहिलेलेच नसते.

या कामाचा उगम एका आगीत आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घरास रात्री आग लागली व तीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशामक दलास कळविण्यासाठी टेलिफोन उचलला. परंतु त्या काळी एक्स्चेंजमधील मुलींच्या समोर सर्व फोन सारखेच. कोणता फोन आगीचा व कोणता वाण्याकडून साखर मागविण्याचा, हे उत्तर दिल्यावाचून कळण्यास मार्ग नव्हता. शेजारी रांगेत तिष्ठत राहिला. त्याने संतापून ‘टाइम्स’ पत्रास लिहिले, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. तो फिरविताच एक्स्चेंजमध्ये तांबडा दिवा लागे व भोंगा वाजे. हा भोंगा इतका कर्कश होता की मुलींनी त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबून ठेवला, असे सांगतात. आम्हांस त्या मुलींचे कौतुक वाटते. दिवसभर दुसऱ्याची किंकाळी ऐकावयाची असेल तर निदान यंत्राची तरी कमी ऐकू यावी! पुढे जुलै महिन्यातच हॅम्पस्टेड भागात एक चोर या क्रमांकावरील फोनमुळे काही मिनिटांत पकडला गेला, आणि लोकांची खात्री पटली.

अमेरिकेस हे शहाणपण सुचावयास आणखी तीस वर्षे लागली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलिव्हिल या लहानशा गावी ९११ चा पहिला फोन झाला. तो राज्याच्या विधानसभेच्या सभापतींनी केला व पोलीस ठाण्यात काँग्रेसच्या एका सभासदाने घेतला. म्हणजे पहिला फोन संकटाचा नव्हता, समारंभाचा होता. आज त्या देशात वर्षाकाठी सुमारे २४ कोटी फोन या क्रमांकावर येतात असा अंदाज आहे. त्यांतील दहापैकी नऊ फोन पंधरा सेकंदांच्या आत घेतले गेले पाहिजेत, असा तेथील या धंद्याच्या संघटनेचा दंडक आहे.

आता ती खोली डोळ्यांपुढे आणा. कानांवर हेडफोन, समोर चार-पाच पडदे. एकावर नकाशा, एकावर गस्तीच्या गाड्या कोठे आहेत ते, एकावर तक्रार टिपण्याचा तक्ता. मोठ्या शहरात फोन घेणारा निराळा आणि वायरलेसवरून पोलिसांना पाठविणारा निराळा. लहान गावी दोन्ही कामे एकाच मनुष्याच्या गळ्यात. रस्त्यात एखादी संशयित गाडी अडविणाऱ्या पोलिसाला त्या गाडीचा क्रमांक तपासून देणे, मालकावर वॉरंट आहे की काय ते सांगणे, आणि त्या पोलिसाचा आवाज काही मिनिटांत पुन्हा आला नाही तर आपण होऊन त्याची विचारपूस करणे, हेही याच्याकडेच. पुष्कळ ठिकाणी पाळी बारा तासांची असते. नाताळची रात्रही त्यातून सुटत नाही. किंबहुना सणाच्या रात्री भांडणे अधिक, हे आपल्याला अमेरिकेतून कोणी येऊन सांगावयास नको.

फोन घेताच त्याचा पहिला प्रश्न पत्त्याचा असतो. काय झाले, हा दुसरा. सामान्य मनुष्यास हा क्रम उलटा वाटतो, पण त्यात मोठा अर्थ आहे. पत्ता हाती असला आणि फोन मध्येच तुटला तरी कोणास तरी पाठविता येते. पत्ताच नसला तर बाकीचे सर्व ठाऊक असूनही हात बांधलेले राहतात. मोबाइलच्या काळात ही अडचण मिटली असे मानू नका. यंत्र दाखविते ते ठिकाण कधी घराचे असते, कधी नुसत्या टॉवरच्या आसपासचे.

मग प्रश्नांमागून प्रश्न येतात. हत्यार आहे काय? तो मनुष्य अजून तेथेच आहे काय? त्याने दारू घेतली आहे काय? घरात मुले आहेत काय? आणि फोन करणारा हटकून ओरडतो की एवढे विचारीत बसण्यापेक्षा आधी पोलीस पाठवा! त्या बिचाऱ्यास ठाऊक नसते की पत्ता टिपला गेला त्याच क्षणी तो शेजारच्या पडद्यावर उमटला, आणि गाडी केव्हाच निघाली. पुढचे प्रश्न त्या गाडीत बसलेल्यांसाठी असतात. अंधारात ज्या दारात शिरावयाचे, त्या दारामागे काय आहे हे त्यांना दुसरे कोण सांगणार?

ओरडणाऱ्याशी ओरडून बोलता येत नाही, हेही त्यांना शिकविलेले असते. एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच सौम्य स्वरात पुन्हा पुन्हा म्हणावयाचे. पहिल्या दोन वेळा ते ऐकू जात नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी ते त्या कल्लोळातून आत शिरते, व मनुष्य एकाएकी उत्तर देऊ लागतो. रडणाऱ्या बालकाला थोपटणाऱ्या आईस ही विद्या पूर्वीपासून अवगत आहे.

कधी कधी फोन करणाऱ्यास बोलताच येत नाही, कारण मारणारा शेजारीच उभा असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील ऑरेगन या गावी एका स्त्रीने ९११ ला फोन करून पिझ्झा मागविला. फोन घेणाऱ्याने प्रथम तिला सांगितले की हा पिझ्झाचा क्रमांक नव्हे. तिने तुमच्या ध्यानात येत नाही अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि मागणी चालूच ठेविली. तेव्हा त्याच्या ध्यानात आले. त्याने होय-नाही एवढ्यावर भागेल असे प्रश्न विचारले, तिच्या आईस मारहाण होत आहे हे काढून घेतले, आणि निघालेल्या पोलिसांस कळविले की घराजवळ पोहोचण्यापूर्वी सायरन बंद करा. त्याने एक दुसरी गोष्ट केली असती तर कोणी त्याला दोष दिला नसता: चुकीचा क्रमांक म्हणून फोन ठेवून दिला असता. ब्रिटनमध्ये तर याची कायमची सोय करून ठेविली आहे. मोबाइलवरून ९९९ ला फोन करणारा काहीच बोलत नसेल, तर त्यास ५५ ही अक्षरे दाबावयास सांगतात, आणि ती दाबली की फोन पोलिसांकडे जातो.

परंतु जे ऐकले ते पुढे पोहोचले नाही तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर हे भाषण नुसते स्तुतिस्तोत्र होईल. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँड शहरातील एका बागेतून ९११ ला फोन आला. कोणी एक जण पिस्तूल घेऊन लोकांवर रोखीत आहे, असे फोन करणाऱ्याने सांगितले. पण त्याबरोबर असेही सांगितले की पिस्तूल बहुधा खोटे आहे, आणि तो बहुधा अल्पवयीन आहे. फोन घेणाऱ्या बाईंनी हे दोन ‘बहुधा’ पुढे दिले नाहीत. वायरलेसवरून गेला तो एवढाच निरोप, की बागेत पिस्तूलधारी मनुष्य आहे. पोलिसांची गाडी थेट त्याच्याजवळ जाऊन थांबली व सुमारे दोन सेकंदांत गोळी सुटली. तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या हातचे पिस्तूल खेळण्यातले होते. फोन घेणाऱ्या बाईंस २०१७ मध्ये आठ दिवस कामावरून निलंबित करण्यात आले.

सगळा दोष त्या बाईंच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. गाडी इतकी जवळ नेणारे व दोन सेकंदांत बंदूक चालविणारे निराळे होते. त्यांना डोळे होते, बाईंना फक्त कान होते. तरीही त्या दोन शब्दांचा विचार आमच्या मनातून जात नाही. रोज शेकडो फोन घेणारा मनुष्य ऐकलेल्यातून निवड करीतच असतो, करावीच लागते. ‘बहुधा’ हा शब्द गाळण्यास सर्वांत सोपा. तो माहिती देत नाही, शंका देतो. आणि घाईच्या वेळी शंका कोणास नको असते.

याच्या उलटही घडते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत अडकलेल्यांनी ९११ ला फोन केले. तेथे बसलेल्यांच्या हाती नेहमीचा नियम होता, की उंच इमारतीत आग लागली असता जेथे आहात तेथेच थांबा व मदतीची वाट पाहा. घटनास्थळी असलेल्या अग्निशामक अधिकाऱ्यांनी मनोरे रिकामे करण्याचा निर्णय घेतलेला होता. तो निर्णय फोन घेणाऱ्यांस कोणी कळविलाच नाही. आग कोणत्या मजल्यांवर आहे, म्हणजे फोन करणारा तिच्या वर आहे की खाली, एवढेही त्यांना ठाऊक नव्हते. चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात हे स्पष्ट नमूद केले आहे. क्लीव्हलँडमध्ये कानाने ऐकलेले पुढे गेले नाही. न्यूयॉर्कमध्ये पुढच्यांना माहीत असलेले कानापर्यंत आले नाही. तरी त्या दिवशी कित्येकांनी फोन खाली ठेविला नाही. पलीकडचा मनुष्य बोलत होता तोवर ते बोलत राहिले, आणि तो बोलेनासा झाल्यावरही काही वेळ त्याचे नाव घेऊन हाक मारीत राहिले.

या लोकांस शेवट कळत नाही, ही त्यांच्या कामातील सर्वांत जड गोष्ट होय. पोलीस दाराशी पोहोचला की फोन तुटतो. बाळ वाचले की नाही, ती बाई त्या घरातून बाहेर पडली की नाही, हे सांगावयास कोणी परत फोन करीत नाही. आणि पुढचा दिवा तर लागलेलाच असतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या धंद्यातील लोकांस विचारले, की आपल्या आठवणीतील सर्वांत वाईट फोन कोणता. लहान मुलांच्या अपघाती दुखापतीचे व मृत्यूचे फोन त्यांत अग्रभागी होते. घटनास्थळी प्रत्यक्ष नसल्याने मनास इजा होत नाही ही समजूत त्या अभ्यासाने खोटी ठरविली. न पाहिलेले दृश्य मन स्वतःच रंगविते, आणि ते पुसण्यास काही साधन नसते.

असे असून अमेरिकन सरकारच्या २०१८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात यांची गणना कचेरीतील कारकुनी कामांत केली आहे; संरक्षण-सेवेत, म्हणजे पोलीस व अग्निशामक यांच्या पंगतीत, नाही. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली देवदूत गब्रिएल यास दूरसंदेशाचे काम करणाऱ्यांचा आश्रयदाता ठरविले, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. एकीकडे देवदूत आणि दुसरीकडे कारकून! कारकुनांस कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या वडिलांचा चरितार्थ त्यावरच चालला. पण नोंद चुकीच्या वहीत झाली आहे, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात पोलिसांसाठी १०० हा क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या तोंडी होता. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर जो निर्भया निधी उभारला गेला, त्यातून सर्व देशासाठी ११२ हा एकच क्रमांक आला. प्रथम हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि आपल्या महाराष्ट्रात २०२१ मध्ये. महाराष्ट्राचे फोन नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात, आणि तेथून त्या त्या जिल्ह्याच्या पोलिसांस कळविले जाते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे. आपल्या आळ्यांतून पत्ता सांगण्याची रीत आपणांस ठाऊक आहे: चर्चवरून सरळ या, तळ्यापाशी डाव्या हातास वळा, मग कोणालाही विचारा. पाहुण्यास हे पुरते. नागपुरात पाळीवर बसलेल्या मुलीस आपले तळे ठाऊक नाही, आणि मध्यरात्री विचारावयास रस्त्यावर कोणी नसते. आम्ही गेल्या महिन्यात पहिल्या कम्युनियनच्या वर्गातील मुलांना आपापला पत्ता विचारला. बहुतेकांनी आजोबांचे नाव सांगितले.

म्हणून सभागृहाच्या दाराशी मेजावर छापील चिठ्ठ्या ठेविल्या आहेत. घर क्रमांक, आळी, गाव, तालुका, पिनकोड, आणि परक्या माणसास ओळखता येईल अशी एक खूण, एवढ्या जागा तीत रिकाम्या आहेत. प्रत्येक घराने एक न्यावी, भरावी, आणि स्वयंपाकघरात मुलांच्या उंचीवर चिकटवावी. ज्या वडीलधाऱ्यांस अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी युवक मंडळाचे दोघे जण लेखणी घेऊन तेथे उभे आहेत.