फॉर्मवरचा ‘नाही’

(शाळा सुरू होण्याआधी पालक आणि शिक्षकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि दमा असलेल्या मुलीचा बाप आहे. त्यामुळे तुमच्या मुलाला कुठलं औषध किती द्यायचं, हे मला विचारू नका. ते डॉक्टर सांगतील. पण डॉक्टरांच्या खोलीत मूल दहा मिनिटं असतं आणि शाळेत रोज सहा तास. मी त्या सहा तासांबद्दल बोलणार आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. मुलीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ होती, ‘पाल्यास काही दीर्घ आजार आहे काय?’ मी लिहिलं, ‘नाही’. तेव्हा तिला पंप सुरू होऊन वर्ष झालं होतं. म्हणजे मी खोटं लिहिलं. का? एक कारण अम्मी. ती म्हणाली, ‘लडकी जात है, काय कू सबकू बोलते फिरना?’ पाच वर्षांच्या मुलीच्या स्थळांची काळजी! हसू नका, तुमच्याही घरात ही काळजी आहे. दुसरं कारण माझं स्वतःचं. आडनाव वाचून फॉर्म जरा जास्त वेळ हातात धरणारे लोक आपल्याला भेटलेले असतात. त्यात आजाराची भर नको, असं मला वाटलं. त्या शाळेनं आडनावावरून कधी काही केलं नाही, हेही सांगायला हवं. भीती माझी होती. आणि मुलीलाही मी शिकवलं, पंप बॅगेतच ठेव, कुणाला दाखवू नकोस.

ती दुसरीत असताना, जुलैमध्ये, पीटीच्या तासाला तिला धाप लागली. बाईंनी पाणी दिलं, बाकावर आडवं केलं, पाठ चोळली. त्यांना जे सुचलं ते त्यांनी मनापासून केलं. पंप मात्र तिसऱ्या मजल्यावर, बॅगेच्या आतल्या कप्प्यात. फोन आला तेव्हा मी खराडीला ऑफिसात होतो. कोंढव्यापर्यंत यायला पाऊण तास लागला. तोवर शाळेतल्या एका मावशींनी तिच्या छातीतला आवाज ओळखला होता, कारण त्यांच्या मुलाला तोच त्रास. त्यांनी तिला उठवून बसवलं आणि विचारलं, ‘पंप कुठाय तुझा?’ ती रडत म्हणाली, ‘अब्बूने बोला है किसी को नहीं बताना.’ पंप आणला, ती सावरली. मावशींनी हे मला नंतर सांगितलं. त्या रात्री मी झोपलो नाही.

आता दमा म्हणजे काय, ते थोडक्यात. श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात, मूल हसत-खेळत असतानाही. मग सर्दी, धूळ, धूर, थंड हवा, धावपळ असं काही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि हवा आत-बाहेर होईना. म्हणून पंप मुख्यतः दोन प्रकारचे. एक लगेच आराम देणारा, सालब्युटामॉलचा. तो स्नायू सैल करतो, सूज कमी करत नाही. दुसरा रोज घ्यायचा, सूज उतरवणारा, स्टिरॉइडचा. काही पंपांत दोन्ही कामांची औषधं एकत्र असतात. मुलाला बरं वाटलं की आपण सगळ्यात आधी बंद करतो तो हा रोजचाच! ‘गिना’ ही दम्यावर काम करणारी जागतिक संस्था २०१९ पासून सांगते आहे की, बारा वर्षांपासून पुढच्या कुणालाही नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नका.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा सिरप बरं,’ हे तुम्ही ऐकलं असेल. मला आकडे आवडतात म्हणून सांगतो. सालब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपमध्ये एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा बरोबर वीस दाब. शिवाय सिरप पोटातून रक्तात, तिथून सगळ्या अंगात जातं; पंपाचं औषध थेट छातीत. मग जालीम कोण?

त्या जुलैनंतर मी आमच्या धंद्याची सवय वापरली. बिघाड कधी होतो, त्याची नोंद ठेवायची. पीक फ्लो मीटर म्हणून फुंकायची नळी मिळते, त्यावर आकडा येतो. रोज सकाळ-संध्याकाळ तो आकडा, रात्रीचा खोकला, पंप किती वेळा लागला, सगळं एक्सेलमध्ये. खरं सांगू, मला शाळेची चूक सापडायला हवी होती. दोन महिन्यांनी शीट उघडलं तर सगळ्यात वाईट सकाळ शुक्रवारची. शुक्रवारी शाळेत वेगळं काहीच नव्हतं. वेगळं होतं ते आदल्या संध्याकाळी, आमच्या घरी. जुमेरातला अम्मी लोबान जाळायची, दारं-खिडक्या लावून, घरभर फिरवायची.

मी अम्मीला तो आलेख दाखवला. ती बराच वेळ बघत बसली. पुढच्या जुमेरातला लोबानदान निघालं नाही, आणि त्याच आठवड्यात मच्छरची कॉइलही तिनंच कचऱ्यात टाकली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आम्ही ती मुलीच्या पलंगाखाली लावत होतो.

घर आवरल्यावर शीटमध्ये शाळाही दिसायला लागली. मधल्या सुट्टीनंतर, म्हणजे मुलं वर्गात असतानाच कोरडा झाडू मारला जायचा, त्या दुपारी. गेल्या पावसाळ्यात ओल आलेली भिंत, तिच्यावरची काळी बुरशी, आणि तिचा बाक नेमका त्या भिंतीला टेकून. मग मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. आधी फॉर्मवर खोटं लिहिल्याचं कबूल केलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘असे अजून किती असतील?’ त्यांनी पालकांना चिठ्ठी पाठवली. एकट्या आमच्या वर्गातून आणखी तिघांचे पालक आले. त्यातल्या दोघांनी फॉर्मवर माझ्यासारखंच लिहिलं होतं.

बदल फार खर्चाचे नव्हते. झाडू शाळा सुटल्यावर, त्यानंतर ओलं फडकं. फळा पुसताना पहिल्या बाकावरची मुलं बाजूला. रंगकाम फक्त लांब सुट्टीत. उग्र फिनेल आणि वर्गातला बॉडी स्प्रे बंद. शाळेच्या गाड्यांनी फाटकाशी इंजिन चालू ठेवायचं नाही. मैदानाच्या कडेचं गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटायचं, तेही तोंडाला रुमाल आणि हातमोजे घालून. भिंतीची गळती मात्र अजून पूर्ण थांबलेली नाही, दर जूनला मी चक्कर मारतो. आणि या मुलांना पीटीतून काढू नका. दमा आटोक्यात असलेल्या मुलानं खेळायलाच हवं.

सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते एक पान. मुलाचं नाव, फोटो, कशानं त्रास होतो, कुठला पंप, किती दाब, कुणाला फोन करायचा, खाली डॉक्टरांची सही. एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक पीटीच्या सरांकडे. पंप मुलाच्या हाताशी, कुलपातल्या कपाटात नाही. धाप लागली तर मुलाला आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं. ऑस्ट्रेलियात चाराचा नियम शिकवतात, लक्षात ठेवायला सोपा आहे: स्पेसर लावून आराम देणाऱ्या पंपाचे चार दाब, एका वेळी एकच, प्रत्येक दाबाला चार श्वास, मग चार मिनिटं थांबा. फरक नाही, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तेच चालू ठेवा. मुलाला वाक्य पुरं करता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, तर चार मिनिटांची वाट न बघता आधी फोन. आणि छातीतला आवाज थांबला पण मूल मलूल आहे, तर बरं वाटलं असं समजू नका. हवाच जात नसेल तर आवाज कुठून येणार?

स्पेसर परवडत नाही, असं एका उर्दू शाळेतल्या सरांनी मला सांगितलं. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिलंय की, ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंप घट्ट बसेल असं भोक पाडलं तर ती नेहमीच्या स्पेसरसारखंच काम करते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळेला स्वतःचा आपत्कालीन पंप ठेवायची मुभा आहे. तशी मागणी आपणही करायला हवी. तोवर जे आहे ते वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं, त्यांच्या यादीत श्वासनलिकेचा हा आजारही आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ‘खोकला आहे, कशाला दाखवायचं’ म्हणून ठेवतात, मी बघितलंय.

रमजानबद्दल दोन शब्द, कारण आठवी-नववीची मुलं रोजे धरून शाळेत येतात. पंपानं रोजा तुटतो की नाही, यावर आलिमांची मतं वेगळी आहेत. तुम्ही ज्यांना मानता त्यांना रमजानच्या आधी विचारा. रोजचा पंप सहसा सेहरीला आणि इफ्तारनंतर बसवता येतो, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण धाप लागली की पंप घ्यायचाच. आजाऱ्याला सूट आहे, रोजा नंतर भरून काढता येतो, यावर कुणाचं दुमत नाही. हे मुलाला तुमच्या तोंडून ऐकू द्या. नाहीतर ते रोजा वाचवायला दम कोंडून बसेल, जशी माझी मुलगी माझा शब्द पाळायला बसली होती.

बाहेर टेबलावर त्या एका पानाचे कोरे नमुने ठेवलेत, मराठीत आणि उर्दूत. ज्यांना स्पेसर कसा धरायचा ते बघायचंय त्यांनी थांबा. मुलगी आली आहे, ती दाखवेल.