शहाण्यांना विचारलेले वेडे प्रश्न



इतिहासाच्या विषयावर आपण एका कामगार कार्यकर्त्याला बोलावलेत, हे धाडसच म्हटले पाहिजे. माझे विद्यापीठ म्हणजे युनियनच्या कचेरीतले पुस्तकांचे कपाट. तेव्हा मी इतिहास सांगणार नाही. इतिहास सांगणाऱ्यांच्या एका नकलेविषयी बोलणार आहे.

इंग्लंडात दूरचित्रवाणीवरून इतिहास सांगण्याची मोठी परंपरा आहे. १९६९ साली केनेथ क्लार्क यांची १३ भागांची ‘सिव्हिलायझेशन’ ही मालिका गाजली. २००० साली सायमन शामा यांची ब्रिटनच्या इतिहासावरील मालिका सुरू झाली. पंडित पडक्या किल्ल्यासमोर उभा राहतो, क्षितिजाकडे पाहतो आणि गंभीर आवाजात शतकांचा हिशेब मांडतो. २०१८ साली बी.बी.सी.ने याच थाटाची ‘कंक ऑन ब्रिटन’ ही ५ भागांची विनोदी मालिका दाखवली. तिची निवेदिका फिलोमिना कंक हे काल्पनिक पात्र. ते डायेन मॉर्गन या नटीने वठवले. थाट सगळा पंडिताचा, पण बाईंना कशाचाच पत्ता नाही! शब्दांचा विपर्यास, घटनांचा गोंधळ, आणि मध्येच मित्राच्या घरगुती गोष्टी. समोरचे प्राध्यापक मात्र खरे. कार्यक्रम विनोदी आहे हे त्यांना ठाऊक असते. पुढचा प्रश्न कोणता, हे नसते.

मॉर्गनबाई बोल्टनच्या. बोल्टन हे मँचेस्टरजवळचे गिरण्यांचे गाव. सूत कातण्याचे क्रॉम्प्टनचे यंत्र १७७९ साली तिथलेच. कंकबाई त्याच मुलखाच्या हेलात बोलतात. मग गिरणीगावच्या बोलीला मूर्ख ठरवून सुशिक्षितांनी हसायचे, असा हा प्रकार आहे काय? शंका रास्त आहे. पण हसू कशावर फुटते ते पाहा. बाईंच्या अज्ञानापेक्षा त्यांच्या खात्रीवर ते अधिक फुटते. किल्ल्यासमोर उभे राहून आवाज गंभीर केला की कोणतीही थाप इतिहास वाटू लागते, हे ही नक्कल उघडे करते.

आणि वेड्या प्रश्नाचाही एक गुण आहे. त्याला उत्तर देताना विद्वानाला मुळापासून, सोप्या शब्दांत बोलावे लागते. आमच्या सभांत उलटे घडते. करारातले कलम कळले नाही तरी कामगार मान डोलावतो. विचारले तर अडाणी ठरू, ही भीती! त्या मान डोलावण्याची किंमत तो पुढे कराराची मुदत संपेपर्यंत मोजतो.

त्याच मुलखात, मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर १८१९ साली हजारो लोक जमले. प्रश्न साधा होता : एवढ्या मोठ्या शहराला पार्लमेंटात स्वतःचा एकही प्रतिनिधी का नाही? उत्तरादाखल त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले. माणसे मेली, शेकडो जखमी झाली. साधा प्रश्न सत्तेला किती झोंबतो, त्याचे हे उदाहरण.

श्रोतेहो, कंकबाईंची थाप ही थाप आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. आपल्या हातातल्या फोनवर रोज असाच गंभीर आवाज लावून इतिहास येतो, आणि तिथे हसण्याची खूण केलेली नसते. तिथे एकच गोष्ट विचारावी : ‘बाबा रे, हे तुला कसे कळले?’

तोच प्रश्न मलाही विचारायला आपण मोकळे आहात. त्यासाठी मी माझे भाषण इथेच थांबवतो.