गाडी जुनी, पत्ताही जुना

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला खरं तर ‘निवृत्तीनंतरचं आनंदी जीवन’ या विषयावर बोला असं सुचवलं होतं. पण माझी तीस वर्षं अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात गेली. तेव्हा म्हटलं, जे कळतं त्यावरच बोलावं.

25 वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटरी होत्या आणि चारचाकी मोजून तीन-चार. आज पार्किंगच्या विषयावर वार्षिक सभा रात्री अकरापर्यंत चालते. (हशा) त्यात छोट्या एसयूव्ही किती वाढल्या ते तुम्ही पाहताच. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. पुढे त्या मापात बसणाऱ्या उंच गाड्या निघाल्या. 2013 मध्ये इकोस्पोर्ट आली, 2016 मध्ये व्हिटारा ब्रेझा, 2017 मध्ये नेक्सॉन आणि 2019 मध्ये आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनलेली एक्सयूव्ही 300. या गाड्या आता दुसऱ्या मालकाकडे चालल्या आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तशा घेतल्यात. माझ्या मुलीनेही घेतली.

गाडी चार वर्षांची, पुण्याच्या माणसाची. मी स्वतः पाहायला गेलो. रंग पाहिला, टायर पाहिले, किलोमीटर पाहिले, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला. जावईबापूंना म्हटलं, “बिनधास्त घ्या.”

आषाढातली गोष्ट. कल्याणहून येताना कसारा घाटात, धो धो पावसात, गाडी चढावर गपकन बंद पडली. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंगही गेलं, चाक दगडासारखं जड. मागे ट्रक, आणि मागच्या सीटवर चार वर्षांची नात. जावयांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. ट्रकवाला सावध होता म्हणून आज मी हे तुम्हाला सांगू शकतोय.

गाडी टोचन करून नाशिकला आणली. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने संगणकात चॅसी नंबर टाकला आणि म्हणाला, “काका, या गाडीचा रिकॉल पेंडिंग आहे. दोन पत्रं गेलीत.” पत्रं गेली होती पुण्याच्या पत्त्यावर. तो पहिला मालक केव्हाच घर बदलून गेलेला. भाग फुकट बदलून मिळाला, दोन तासांचं काम. आयुष्यभर लोकांचे भाग तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने गाडीचं सगळं पाहिलं होतं, एक नंबर तेवढा पाहिला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता रिकॉल म्हणजे काय, ते सांगतो. भाग लॉटने बनतात. एका लॉटमध्ये चूक झाली की त्या लॉटच्या सगळ्या गाड्या संशयित. मग कंपनी त्या परत बोलावते, तपासते, भाग बदलते. पैसे लागत नाहीत. याचा अर्थ ती गाडी वाईट असा होत नाही. जी कंपनी उघडपणे बोलावते, ती निदान आपली चूक मान्य करते.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. जुलै 2021 मध्ये महिंद्राने जाहीर केलं, की नाशिकच्या कारखान्यात 21 जून ते 2 जुलै 2021 या काळात बनलेल्या, सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्यांची इंजिनं तपासून बदलायची. कारण काय, तर एका ठराविक दिवशी कारखान्यात आलेलं इंधन भेसळयुक्त असल्याचा संशय. बारा दिवसांचा लॉट! तेराव्या दिवशी बनलेली तशीच गाडी त्या यादीत नाही. म्हणून ‘अमुक मॉडेल चांगलं का हो?’ या प्रश्नाला अर्धाच अर्थ आहे. पूर्ण उत्तर तुमच्या गाडीच्या नंबरात आहे.

सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने 1,81,754 पेट्रोल गाड्या बोलावल्या, त्यात व्हिटारा ब्रेझाही होती. दोष मोटर जनरेटर युनिटमध्ये होता. तो भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असं कंपनीने सांगितलं होतं. जानेवारी 2023 मध्ये 17,362 गाड्यांचा एअरबॅग कंट्रोलर बदलायचा होता, ब्रेझा त्यातही होती. त्या वेळी तर भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका, अशी सूचना होती. आता विचार करा, हे ज्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही, तो काय करणार? पावसाळ्यात पाण्यातूनच गाडी काढणार!

मुद्दा इथेच आहे. गाडी आपल्या नावावर झाली, पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म 29, फॉर्म 30 भरले, की आपण सुटलो असं वाटतं. आरटीओकडे नाव बदलतं. कंपनीच्या सर्व्हिस खात्यात जुन्याच मालकाचा फोन नंबर राहतो. तो आपणच जाऊन बदलायचा असतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 110-अ आलं, 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सरकारला सक्तीने गाड्या परत बोलवायला लावता येतात, कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. आणि कायदा कितीही चांगला असला, तरी पत्र चुकीच्या दारात पडलं तर त्याचा उपयोग काय?

तेव्हा घरी जाऊन एवढं करा. आरसीवर चॅसी नंबर असतो, तो कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगा. विचारा, “काही रिकॉल बाकी आहे का?” काम झालं असेल तर जॉब कार्डची प्रत मागून घ्या. आणि आपला मोबाइल नंबर तिथे नोंदवा. नवी-जुनी घेणार असाल तर बयाणा देण्याआधी हे विचारा.

दोन गोष्टी जाता जाता. 2020 नंतरची बीएस 6 डिझेल गाडी असेल आणि ती रोज फक्त कॉलेज रोडपर्यंत जात असेल, तर धुराच्या नळीतला फिल्टर काजळीने तुंबतो. अधूनमधून तिला हायवेवर मोकळं पळवा. आणि गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते आपण पाहतो, पण घाटावर बुडालेल्या गाड्या पुढे कुठे विकल्या जातात ते कोणी पाहत नाही. म्हणून सीटखालचा गालिचा उचला, सीटबेल्ट पूर्ण ओढून मुळाशी चिखलाचा डाग आहे का ते बघा.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. पार्किंगचं स्टिकर देताना आपण आरसीची झेरॉक्स घेतोच. येत्या रविवारी सकाळी दहाला मी खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतो. ज्यांनी जुनी गाडी घेतलीय त्यांनी आरसी घेऊन या, आपण एकेक नंबर तपासू. चहा माझ्याकडून. (टाळ्या) मुलांना, सुनांना, जावयांनाही पाठवा. गाडी तेच जास्त चालवतात.

ज्या प्रश्नाला दोन मिनिटं लागतात, तो मी विचारला नाही. तुम्ही विचारा, एवढंच सांगायला उभा राहिलो होतो.